एजियनचा उन्हाळा, कोकणचा पावसाळा

ग्रीसच्या एजियन समुद्रावर उन्हाळाभर उत्तरेकडून जो वारा वाहतो, त्याला प्राचीन ग्रीक लोक ‘एटेसियन’ म्हणत. ‘एटोस’ म्हणजे वर्ष. दरवर्षी ठरल्या वेळी येणारा तो एटेसियन. आपल्याकडे त्याच महिन्यांत नैर्ऋत्येकडून येतो तो मान्सून. हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला आणि मौसिम म्हणजे ऋतू, ठरलेली वेळ. दोन वेगळ्या समुद्रांवरच्या खलाशांनी आपापल्या वाऱ्याला नाव देताना एकच गुण हेरला. हा वारा पंचांगाप्रमाणे येतो, हा तो गुण.

साम्य मात्र इथेच संपते असे वरवर दिसते. जुलै महिन्यात एजियनमधल्या लहानलहान बेटांदरम्यान पांढरी शिडे फिरत असतात. हॉटेलांची गर्दी नसलेल्या, दोन-चारशे वस्तीच्या बेटांवर लोक शिडाच्या होडीने जातात, एखाद्या खाडीत नांगर टाकतात, दुसऱ्या दिवशी पुढच्या बेटाला निघतात. त्याच जुलैत हर्णै, मुरुड, मालवण इथल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात, खंदेरी आणि सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरून नुसते पाहायचे असतात. तिकडे समुद्र उघडा, इकडे बंद.

हे असे का, आणि त्यातून आपण काय घ्यायचे, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की एजियनचा कोरडा, वाऱ्याचा उन्हाळा आणि कोकणचा बंद दर्या या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. एकाच यंत्रणेची ती दोन टोके आहेत. ही यंत्रणा नीट समजली, तर आपल्या बेटांकडे कधी जावे आणि कधी जाऊ नये हेही समजते. हा केवळ पर्यटनाचा प्रश्न नाही. त्यात माणसांचे जीव गेलेले आहेत.

उत्तरेचा वारा आणि दक्षिणेची खाडी

एजियनमधल्या सायक्लेडीज द्वीपसमूहात नॅक्सॉस आणि अमोर्गोस या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये इराक्लिया, स्किनूसा, कूफोनिसी, दोनूसा ही छोटी बेटे आहेत. त्यांना ‘लहान सायक्लेडीज’ असेच म्हणतात. बहुतेकांची कायम वस्ती काही शेकड्यांच्या आत. एका बेटावरून दुसरे दिसते, अंतर काही सागरी मैलांचे. शिडाने फिरणाऱ्याला याहून सोयीचा नकाशा काढता येणार नाही.

मात्र सोय नकाशाची आहे, वाऱ्याची नाही. या वाऱ्याचे आजचे रूढ नाव मेल्तेमी. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो अधूनमधून वाहतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त. मध्य एजियनमध्ये बोफर्ट मापनाच्या 5 ते 6 पर्यंत, म्हणजे ताशी 30 ते 50 किलोमीटर, हा त्याचा नेहमीचा वेग, आणि 7-8 पर्यंत जाणे काही नवल नाही. विशेष म्हणजे या वाऱ्याबरोबर ढग येत नाहीत. आकाश निळे, हवा स्वच्छ, ऊन लख्ख, आणि समुद्र पांढऱ्या फेसाने भरलेला. पावसाळी वादळाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना धोका दिसतच नाही.

मी एका जुलैत मित्रांबरोबर आठ दिवस या बेटांमध्ये शिडाच्या होडीवर होतो. माहितीपत्रकातले शब्द होते निवांत, शांत, संथ. प्रत्यक्षात आमच्या होडीवरच्या रोजच्या बोलण्याचा विषय एकच असे. आज रात्रीची खाडी दक्षिणेकडे उघडते की उत्तरेकडे? वारा उत्तरेचा, म्हणून मुक्काम बेटाच्या दक्षिण अंगाला, डोंगराच्या आडोशाला. त्यातही एक मेख आहे. बेट उंच असेल तर वारा माथ्यावरून ओलांडून आडोशाच्या बाजूने झोतांनी खाली कोसळतो आणि तिथे तो उघड्या समुद्रापेक्षाही जोरात लागतो. म्हणजे आडोसा हवा, पण फार उंच डोंगराच्या अगदी पायथ्याशी नको. हे गणित स्थानिक माणसाला तोंडपाठ असते, पाहुण्याला शिकावे लागते.

हे ज्ञान तिथे फार जुने आहे. हेसिअड या ग्रीक कवीने शेती आणि समुद्र यांविषयी सांगताना समुद्रप्रवासाचा योग्य काळ म्हणून उन्हाळ्यातील अयनदिनानंतरचे पन्नास दिवस सांगितले. ॲरिस्टॉटलने आपल्या हवामानविषयक ग्रंथात एटेसियन वाऱ्यांचा संबंध हे अयन आणि व्याध ताऱ्याचा उदय यांच्याशी जोडला. आणि डेमॉस्थेनीसने अथेन्सच्या लोकांना बजावले, की मॅसिडोनियाचा फिलिप हे वारे वाहत असताना किंवा हिवाळ्यात मुद्दाम चाल करतो, कारण तेव्हा अथेन्सचे आरमार उत्तरेला वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वारा ठरलेला असला की त्याचा फायदा मित्राला होतो तसा शत्रूलाही होतो.

पेरिप्लसमधले एक वाक्य

पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ मराठी वाचकाला अपरिचित नाही. तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची ती व्यापाऱ्यासाठी केलेली वही आहे. आपल्या किनाऱ्यावरची सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे त्यात येतात. ग्रीक जगाशी या प्रदेशाचा संबंध नुसता बंदरापुरता राहिला नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या ‘यवन’ दात्यांची नावे कोरलेली आहेत. यवन म्हणजे नेमके ग्रीकच की पश्चिमेकडून आलेले इतरही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण समुद्रापलीकडून सह्याद्रीपर्यंत माणसे येत होती याबद्दल शंका नाही.

या ग्रंथात हिप्पलस नावाच्या तांडेलाचा उल्लेख आहे. बंदरांची स्थाने आणि समुद्राचा आकार लक्षात घेऊन त्याने किनारा सोडून थेट भर समुद्रातून भारताकडे जाण्याची वाट शोधली, असे लेखक सांगतो. त्याच ठिकाणी तो एक निरीक्षण नोंदवतो. आपल्याकडे जेव्हा एटेसियन वाहतात, त्याच वेळी भारताच्या बाजूला महासागरावरून नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो, असे ते निरीक्षण. लिहिणारा काही शास्त्रज्ञ नव्हता. मिसरहून जुलैत निघायचे, म्हणजे सप्टेंबरात पाऊस ओसरताना भारताचा किनारा गाठता येतो, एवढे त्याला व्यापाऱ्याच्या सोयीसाठी सांगायचे होते. पण दोन समुद्रांवरचे दोन वारे एकाच वेळी जागे होतात, हे त्याने पाहिले आणि लिहून ठेवले.

एकाच वेळी होणाऱ्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असतोच असे नाही. इथे तो आहे, हे समजायला पुढे जवळजवळ एकोणीसशे वर्षे गेली.

उरवड्याच्या पावसाचा हिशेब

मी राहतो ते उरवडे हे गाव मुळशी तालुक्यात, पिरंगुटकडून मुठा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेला शिवाजीनगरच्या वेधशाळेत वर्षाची सरासरी सातशेच्या आसपास. उरवडे या दोहोंच्या मध्ये. पश्चिमेच्या डोंगरावर ढग अडलेले दिसतात आणि उरलासुरला पाऊस आमच्या खाचरांवर येतो. ग्रीसमध्ये असताना घरून फोन आला, की तीन दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत. त्या वेळी माझ्या डोक्यावर आठ दिवसांत ढगाचा एक तुकडा आला नव्हता. या दोन बातम्या एकमेकींच्या नातेवाईक आहेत, हे मला पुढे वाचताना कळले.

नाते असे आहे. बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. एक किलो बाष्पाचे पाणी झाले की सुमारे 25 लाख जूल उष्णता हवेत मिसळते. एका चौरस मीटर जमिनीवर 100 मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे 100 लिटर पाणी. त्यामागे वरच्या हवेत सुमारे 25 कोटी जूल उष्णता सुटलेली असते. घरच्या विजेच्या मीटरच्या भाषेत ती जवळपास 70 युनिट होते, आणि हे फक्त एका चौरस मीटरचे. बंगालचा उपसागर, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया मिळून जो पाऊस पडतो त्याची उष्णता मोजू गेलो तर आकडे हाताबाहेर जातात. उन्हाळ्यात पृथ्वीच्या वातावरणातली ही सर्वांत मोठी शेगडी आहे.

या शेगडीने तापलेली हवा वर जाते. वर गेलेली हवा कुठेतरी खाली यायलाच हवी. 1996 साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय होता मान्सून आणि वाळवंटे यांचा संबंध. त्यांनी दाखवले, की आशियाई मान्सूनच्या उष्णतेमुळे वातावरणात पश्चिमेकडे पसरणारी एक लहर तयार होते. अशा लहरींना रॉस्बी लहरी म्हणतात. तिच्या प्रभावाने पूर्व सहारा आणि पूर्व भूमध्य समुद्र या भागांवर हवा खाली उतरते. खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते. तिथे ढग टिकत नाहीत. भूमध्य समुद्राचा लख्ख उन्हाळा आपल्या पावसाशी असा बांधलेला आहे.

जमिनीलगतही हे नाते दिसते. मान्सूनच्या काळात सिंध-राजस्थानवर हवेचा दाब कमी असतो. कमी दाबाची ही पट्टी इराण-इराकवरून पश्चिमेला थेट तुर्कस्तानपर्यंत लांबते. त्याच वेळी बाल्कन प्रदेशावर दाब जास्त असतो. या जास्त आणि कमी दाबांच्या मध्ये एजियन समुद्र चिमटीत सापडतो. पृथ्वीच्या भ्रमणामुळे वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ न जाता वळतो आणि एजियनवर तो उत्तरेचा वारा होऊन वाहतो. तोच मेल्तेमी.

उरवड्याचा पाऊस हा या साऱ्यात एका दाण्याएवढा. पण दाणा त्याच राशीतला आहे.

एकाच जुलैत दर्या इकडे बंद का?

आता कुणी म्हणेल, मेल्तेमीही जोराचा आणि मान्सूनचा वाराही जोराचा. मग ग्रीक माणूस शिडे उभारतो आणि आपला तांडेल होडी वर का ओढतो? धाडसात फरक आहे का? मुळीच नाही. फरक वाऱ्याच्या वेगात फार नाही, तो किनाऱ्याच्या रचनेत आहे. त्याची चार कारणे सांगता येतील.

पहिले कारण वाऱ्याची धाव. वारा जितक्या लांब उघड्या पाण्यावरून येतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. एजियनमध्ये वाटेत बेटेच बेटे आहेत. लाट वाढायला लागली की एखादे बेट तिला अडवते. अरबी समुद्रावर मान्सूनचा वारा आफ्रिकेच्या सोमाली किनाऱ्यापासून निघतो आणि आपल्या किनाऱ्यापर्यंत त्याला अडवणारे काही नाही. मधल्या हजारो किलोमीटरांत लाटा वाढतच येतात. त्यामुळे इथे वारा पडला तरी लाटा पडत नाहीत, कारण त्या दूरच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात.

दुसरे कारण वाऱ्याची दिशा. जुलैत कोकणात वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहतो. होडीचे सुकाणू मोडले, शीड फाटले, इंजिन बंद पडले, की वारा तिला खडकाकडेच नेणार. खलाशाच्या दृष्टीने याहून वाईट किनारा नाही. एजियनमध्ये बेटाची एक बाजू तरी वाऱ्याआड असते. कोकणची बेटे इतकी छोटी, की त्यांच्या आड होडी उभी करण्याएवढाही शांत पाण्याचा तुकडा मिळत नाही. खंदेरी, उंदेरी, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग हे सगळे मुख्य भूमीपासून हाकेच्या नाहीतर नजरेच्या अंतरावरचे खडक आहेत.

तिसरे कारण खाड्यांची तोंडे. कोकणात आसरा म्हणजे खाडी. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. हिवाळ्यात त्यांच्यावरून भरतीला सहज जाता येते. पावसाळ्यात मात्र बाहेरून आलेली मोठी लाट उथळ पाण्यावर फुटते, आतून पुराचे पाणी जोराने बाहेर येते, आणि दोन्ही नेमकी त्या दांड्यावर भिडतात. आसऱ्याचे दारच सर्वांत धोक्याचे होते.

चौथे कारण भरती-ओहोटी. एजियनमध्ये ती जवळजवळ नाहीच, पाणी काही सेंटिमीटर खालीवर होते. बांधलेली होडी सकाळी तिथेच असते. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटरने खालीवर होते. पहाटे जिथे नांगर टाकला तिथे दुपारी खडक उघडे पडलेले असतात. हंगामात याचा हिशेब ठेवता येतो. पावसाळ्यात ढगांखाली, पावसाच्या पडद्यात, खवळलेल्या पाण्यात तो चुकला की संपले.

म्हणून नारळी पौर्णिमा. श्रावण पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होडी पाण्यात लोटायची, ही कोळी समाजाची प्रथा नुसती श्रद्धा नाही. त्या सुमारास मान्सूनचा पहिला जोर ओसरलेला असतो. आज पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी आणि मच्छीमारांच्या सुरक्षेसाठीही. मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या प्रवासी होड्या मेच्या अखेरीस थांबतात आणि सप्टेंबरात सुरू होतात. पंचांग, कायदा आणि वारा इथे एकमताने बोलतात.

रामदास

हे एकमत मोडले की काय होते याचे नाव मराठी माणसाच्या मनात आहे: रामदास बोट. 17 जुलै 1947. गटारी अमावास्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट मुंबई बंदराच्या तोंडाशी, काश्याच्या खडकाजवळ वादळी समुद्रात एका बाजूला कलली आणि उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. सणासाठी गावी निघालेले चाकरमानी, कोळी बांधव, बायका-मुले. स्वातंत्र्यदिन अवघ्या महिन्यावर आला होता. त्या धामधुमीत या बातमीचे व्हायला हवे तेवढे स्मरण राहिले नाही, पण रायगडच्या कित्येक गावांत ते आजही आहे.

रामदास ही शिडाची होडी नव्हती, वाफेवर चालणारी पोलादी बोट होती. रेवस काही लांब नव्हे, दीड-दोन तासांचा प्रवास. म्हणूनच ही घटना शिकवणारी आहे. इंजिन आले की वाऱ्याचे पंचांग कालबाह्य झाले, असे वाटू लागते. अंतर कमी असले की धोकाही कमी, असेही वाटते. पण लाटेला बोट कोणत्या जातीची आहे याच्याशी कर्तव्य नसते. बोटीच्या एका बाजूला माणसांची गर्दी झाली आणि त्याच वेळी आडवी लाट आली, तर पोलादाचा उपयोग होत नाही.

आपला उघडा हंगाम

मग कोकणच्या बेटांमध्ये शिडाने फिरणे हे आपल्या नशिबीच नाही का? आहे, फक्त त्याचा महिना वेगळा आहे. ऑक्टोबर ते मार्च हा आपला एजियन. मान्सून परतला की अरबी समुद्रावर मोठा वारा उरत नाही आणि मग किनाऱ्याचा स्वतःचा छोटा, रोजचा वारा राज्य करतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दिवसा जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. पहाटे मतलईवर बाहेर पडायचे, सकाळी उशिरा वारा पडतो तेव्हा थांबायचे किंवा वल्ही मारायची, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर बंदरात परतायचे. मचवा, पडाव, गलबत यांचे सारे चलनवलन याच दिनक्रमावर होते. तिरक्या लांब काठीवर बांधलेले त्यांचे तिकोनी-चौकोनी शीड आडव्या वाऱ्यातही काम देते, आणि कोकणच्या दक्षिणोत्तर किनाऱ्याला पूर्व-पश्चिम वाहणारे हे दोन्ही वारे आडवेच पडतात. शीड आणि किनारा एकमेकांसाठी घडले आहेत.

आपल्या आरमाराचा इतिहास या नजरेने पाहिला की तारखा बोलू लागतात. मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामाला सुरुवात झाली 25 नोव्हेंबर 1664 रोजी, म्हणजे हंगाम स्थिरावल्यावर. खंदेरी बेटावर शिवाजी महाराजांची माणसे तटबंदीला लागली ती 1679 च्या पावसाळ्याच्या अखेरीस. मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घालायचा प्रयत्न केला. पण त्यांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून, आणि हंगाम मंद वाऱ्याचा. मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या, वल्ह्यांनीही चालणाऱ्या होड्या रात्री किनाऱ्याहून सामान घेऊन बेटावर जात राहिल्या. 18 ऑक्टोबर 1679 च्या लढाईत दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज पकडले. खंदेरी मराठ्यांकडेच राहिली. तो विजय शौर्याचा तर आहेच, पण आपल्या पाण्यात, आपल्या हंगामात, आपल्या वाऱ्याला साजेशी होडी वापरण्याचाही आहे. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये खंदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. त्यांच्या भिंतींबरोबर हा वाऱ्याचा हिशेबही वारसा म्हणून सांगायला हवा.

आधुनिक काळातले उदाहरणही आहे. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही 56 फुटी शिडाची नौका बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून एकट्याने निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 19 मे 2010 रोजी परतले. शिडाच्या होडीने एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे ‘तारिणी’ या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघाल्या आणि 21 मे 2018 रोजी परत आल्या. अशा मोहिमांच्या तारखा मुख्यतः दक्षिण महासागरातला उन्हाळा पाहून ठरतात, हे खरे. पण पृथ्वीची रचना अशी, की तिकडचा उन्हाळा हाच आपल्या किनाऱ्याचा उघडा हंगाम. जगप्रदक्षिणा करणाऱ्या नौकाही पाऊस सुरू होण्याआधी घरी येतात.

कडा सरकत आहेत

इथवर वाचून वाटेल, की पंचांग पाळले म्हणजे झाले. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. आता हंगामाच्या दोन्ही कडा सैल होऊ लागल्या आहेत. 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ वादळ कोकणावर आले, तेव्हा हंगाम पुरता सुरू झालेला होता आणि कितीतरी मच्छीमार समुद्रात होते. त्यांतले अनेक परतले नाहीत. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. 17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ वादळात मुंबईच्या पश्चिमेला पी-305 हा कामगारांचा तराफा बुडाला आणि साठहून अधिक माणसे दगावली. मे महिना प्रवासी होड्यांच्या दृष्टीने अजून ‘चालू’ असतो, हे लक्षात घ्या.

पुण्यातल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढली. समुद्राचे तापलेले पाणी हे त्यामागचे मोठे कारण. चक्रीवादळांचा काळ नेमका पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, म्हणजे आपल्या हंगामाच्या दोन टोकांना असतो.

इथे ग्रीसकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे उन्हाळा हा हंगाम असला तरी बोट सुटणार की नाही हे त्या दिवशीचा वारा ठरवतो. वारा बोफर्ट 8 पर्यंत जाणार असा अंदाज आला, की तटरक्षक दल बोटी रोखते, लहान बोटी त्याआधीच थांबतात. पर्यटक दोन दिवस बेटावर अडकतात, कुरकुरतात, आणि तिसऱ्या दिवशी जिवंत घरी जातात. लहान बेटांवरच्या लोकांनी हे गृहीत धरलेले असते. आपला नियम तारखेचा आहे, त्यांचा नियम वाऱ्याचा. आपल्याकडे पूर्ण ऋतूच धोक्याचा, म्हणून तारखेचा नियम योग्यच होता आणि आहे. पण कडा सरकल्यावर तारखेच्या जोडीला दिवसाचाही नियम हवा. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की ‘अजून मेची 20 तारीखच आहे, सुट्टीची गर्दी आहे’ हे कारण चालता कामा नये.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 साली गाड्या वाहणारी रो-रो बोट सुरू झाली. ती पावसाळ्यातही चालते. गंमत अशी, की ती 2019 साली ग्रीसमध्ये बांधलेली आहे. रामदास ज्या बंदराच्या तोंडाशी बुडाली, त्याच पाण्यातून आज जुलैतही माणसे जातात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती बोट मोठी आहे, तिची रचना त्यासाठी आहे. तिच्या धीरावर लाकडी प्रवासी होड्यांनी हंगाम लांबवू नये.

शेवटी एक साधी सूचना. मराठी घराला कोकण आठवते ते मेच्या सुट्टीत, कारण आपल्या मनात उन्हाळा आणि सुट्टी हे शब्द जोडलेले आहेत. भूमध्य समुद्राची छायाचित्रे पाहून ती जोडणी आणखी घट्ट झाली आहे. पण आपला उन्हाळा म्हणजे हंगामाचा शेवट. वायव्येचा दुपारचा वारा तेव्हा जोराचा असतो आणि दक्षिणेकडून पावसाआधीच्या लाटा येऊ लागलेल्या असतात. शांत पाण्यात बेट पाहायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत जावे. पहाटे थळहून खंदेरीकडे, हर्णैहून सुवर्णदुर्गाकडे, मालवणहून सिंधुदुर्गाकडे निघावे. बोटवाल्याला निघण्याआधी भरती किती वाजता आणि खारा वारा केव्हा धरतो एवढे विचारावे. तो सांगेल, कारण त्याचे पोट त्यावर आहे. आणि त्याने ‘आज नको’ म्हटले, तर पैसे परत मागण्याआधी त्याचे आभार मानावेत.